घोडीला पाजलेलं पाणी

अण्णा, परवा धाकट्या लेकीच्या मुलीला न्हाऊ घालत होते. दोन महिन्यांची पोर आहे. तेल लावताना तिचा दंड हातात आला आणि मी लेकीला सहज विचारलं, हिला देवी कधी काढायच्या? लेक हसली. म्हणाली, "आई, आता नाही काढत. देवीचा रोगच संपला. सगळ्या जगातून गेला, डॉक्टर सांगत होते." मी त्या दंडाकडे बघत राहिले. आपल्या घरातला हा पहिला कोरा दंड. तुमच्या दंडावर वण होते, आईच्या, माझ्या, माझ्या तिन्ही मुलांच्या. जिच्या मागे तुम्ही बागलाणच्या डोंगरांत इतकी वर्षं घोडी घेऊन हिंडलात, ती गेली. ही बातमी कुणाला सांगावी असं मनात आलं आणि मग आठवलं की तुम्हालाही जाऊन तीस वर्षं होऊन गेली. पोरीला पंचात गुंडाळून लेकीच्या हाती दिली आणि कागद घेऊन बसले. बातमी एका ओळीत संपली. त्याच्या मागे जे इतकी वर्षं राहिलंय, ते लिहायला बसले आहे.

आपण तेव्हा ताहाराबादला होतो, मोसम नदीच्या काठाला. पस्तीस-छत्तीस साल असेल, कारण मी तेरा पूर्ण करून चौदावं लागलेलं. कागदोपत्री तुम्ही व्हॅक्सिनेटर, गावाच्या तोंडी देवीडाक्तर, आणि तुमची पाठ वळली की टोच्या. हे तिसरं नाव तुम्हालाही माहीत होतं. आईला तुम्ही म्हणायचात, "आज टोच्याला दोन भाकरी जास्त बांध, लांब जायचंय." तुमचं सगळं दप्तर एका खोगिराच्या पिशवीत मावायचं: टोचायचं नश्तर, स्पिरिटची बाटली, कापूस, नोंदवही. आणि ते मडकं. लस बेळगावाहून यायची, काचेच्या बारीक नळ्यांतून. नळ्या कापसात, कापूस पत्र्याच्या डबीत, डबी त्या लहान मडक्यात आणि मडक्याभोवती ओलं फडकं. मडकं खोगिराच्या सावलीच्या अंगाला बांधायचं. वाट वळली, ऊन फिरलं, की तुम्ही खाली उतरून ते या बाजूचं सोडून त्या बाजूला बांधायचात. मी एकदा विचारलं होतं, फडकं सुकलं तर काय होतं? तुम्ही म्हणालात, "लस मरते. आणि मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच असते. म्हणून डोळा फडक्यावर ठेवायचा."

तुमचा दुसरा नियम घोडीचा होता. आधी ती, मग आपण. त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही मला नदीपर्यंत घोडीवरून नेलं होतं. परतल्यावर मी धावत माठाकडे गेले आणि भांडं तोंडाला लावणार, तेवढ्यात तुम्ही ते माझ्या हातातून काढून घेतलंत. ओरडला नाहीत. "तिलाही तहान लागली आहे. तुला मागता येतं, तिला येत नाही. म्हणून आधी ती." मग मी घमेलं भरून अंगणात नेलं, ती ते संपेपर्यंत उभी राहिले आणि त्यानंतर प्यायले. तुमचं मला लागलेलं एवढंच एक बोलणं. त्यानंतर मी ते कधी विसरले नाही, हेच सांगायला इतकी प्रस्तावना.

डोंगरातल्या त्या पाड्याची गोष्ट मी नव्याने काय सांगू? सहा वर्षं तुम्ही तिथे जात होतात आणि सहा वर्षं तुम्हाला रिकाम्या झोपड्या भेटत होत्या. पठारावर घोडी दिसली की पोरं रानात पळायची आणि म्हाताऱ्या दारात बसून सांगायच्या, आमच्याकडे पोरंच नाहीत. त्या वर्षी शेजारच्या खोऱ्यात देवी आल्या. होळी होऊन गेली होती. उन्हाळ्यात लस टिकत नाही म्हणून होळीनंतर तुम्ही नश्तर पुसून ठेवायचात. ते ठेवूनही झालं होतं. तेवढ्यात बाजाराला आलेल्या एका माणसाबरोबर पाड्यावरच्या म्हातारीचा निरोप आला, डाक्तरला म्हणावं ये. तुमच्याकडे शेवटच्या काही नळ्या उरल्या होत्या. तुम्ही रात्रभर विचार केला असेल, मला माहीत नाही. सकाळी एवढंच म्हणालात, "हे बोलावणं पुन्हा येणार नाही." आणि माझ्याकडे वळून, "तू चल. तिथल्या बायका मुलींचे दंड माझ्या हाती द्यायच्या नाहीत. तुझा दंड बघितला तर देतील."

आई चुलीपुढून उठलीच. "पोरीची जात, घोड्यावर टांग टाकून बसणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, टोच्याची पोर आली."

"हसू नका. उद्या हिचं लग्न व्हायचंय."

"होईल की. घोडीवर बसून गेली तर लवकर पोचेल सासरी."

आई भाकऱ्या थापत राहिली, पण तिच्या पाठीवरून कळत होतं की ती हसते आहे. तिने तुमचं एक जुनं धोतर फाडून मला आत गुंडाळायला दिलं आणि खोगिराच्या मागे गोधडीची चौघडी स्वतः बांधली.

पहाट अजून निळी असताना आपण निघालो. तुम्ही पुढे, मी मागे, तुमच्या कोटाला धरून. नदी ओलांडताना घोडीच्या खुरांचा आवाज बदलला, पाण्यातला झाला, मग वाळूतला, मग परत दगडांवरचा. समोर साल्हेर-मुल्हेरचे डोंगर आधी काळे होते, मग तांबूस झाले. मोहाखाली फुलांचा सडा पडला होता आणि त्या वासाने घोडी फुरफुरत होती. "चल बाई," तुम्ही तिला म्हणायचात. तिला दुसरं नाव नव्हतं. चढ आला की तुम्ही उतरायचात आणि लगाम हातात घेऊन पुढे चालायचात, मी एकटी वर. मी इतक्या उंचावरून एवढं जग कधी पाहिलं नव्हतं. शेताचे बांध, विहिरींचे काठ, बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यांतलं पाणीसुद्धा दिसायचं. वाटेतल्या एका गावात एका दाराला घरात देवी आल्याची खूण म्हणून लिंबाचा डहाळा बांधलेला होता. तुम्ही मला खाली उतरवलंत, पायातले जोडे काढून हातात घेतलेत आणि त्या घरासमोरून आपण घोडी चालवत नेली. गाव संपल्यावर मी विचारलं, तुम्ही तर हे मानत नाही? तुम्ही जोडे घालत म्हणालात, "आत एक आई पोराच्या उशाशी बसली आहे. तिच्या दारावरून काय मी टापा वाजवत जाऊ?"

त्यानंतर पठार. आणि पठारावर गवत जळून तुमची ओळखीची वाट पुसली गेली होती; आपण चुकलो.

हे मला अजून आत्ताच चालल्यासारखं दिसतं. जळालेलं गवत, काळे दगड, एकच एक काटेसावर, तिला पान नाही. ऊन डोक्यावर आलं आहे. तुम्ही घोडी त्या झाडाच्या बुंध्याला बांधता, पाण्याची छागळ माझ्या हातात देता. तीत तळाशी थोडंसं पाणी वाजतं आहे. "मी त्या सोंडेवर जाऊन वाट बघून येतो. अर्ध्या तासात आलो. फडक्यावर थोडं थोडं मारत राहा. एवढंच आहे, पिऊ नकोस." मी मान हलवते. तुम्ही लहान होत जाता आणि सोंडेमागे दिसेनासे होता. मी फडक्यावर पाणी मारते, एक ओंजळ. मी स्वतः एक घोटही पीत नाही, अण्णा. हे खरं आहे. पण घोडी माझ्याकडे बघते आहे. पहाटे नदीवर प्यायली त्यानंतर तिला पाणी नाही, आणि चढावर तिने मला एकटीने वाहिलं आहे. तिच्या बरगड्या खालीवर होतात. घामाचं मीठ पांढरं होऊन खोगिराच्या कडेला सुकलं आहे. ती पुढे येते, मान लांब करते आणि नाक छागळीला लावते. ओढत नाही. नुसतं लावून उभी राहते.

भाकरीचा पितळी डबा मी रिकामा केला, भाकरी पदरात घेतल्या आणि डब्यात थोडं पाणी ओतलं. ते एका घोटात गेलं. मग अजून थोडं. मग छागळ उलटी करून पिळली. तिने डब्याचा तळ चाटला, नंतर माझा ओला तळहात चाटला, आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून डोळे मिटले. तिच्या श्वासाने माझा कान गरम झाला. त्या क्षणी मला वाटलं की तुम्ही असतात तर हेच केलं असतंत. आधी ती. मला वाटलं, अर्ध्या तासात येतीलच.

तुम्ही येईपर्यंत दुपार कलायला लागली. फडकं आधी कडेने फिकं झालं, मग सगळं. मी त्यावर थुंकूनसुद्धा पाहिलं. मग भाकरीवर ठेवायचं फडकं त्यावर गुंडाळलं, मग मडक्यावर माझी सावली पडेल अशी उभी राहिले. ऊन फिरेल तशी मी फिरत राहिले. मडकं हाताला कोमट लागायला लागलं तेव्हा मी त्याला हात लावणं सोडून दिलं.

आणि मग तुम्ही सोंडेवरून हात उंचावून येताना दिसलात, घामाने भिजलेले आणि हसत. "सापडली! एक कोस फुकट भटकलो, पण सापडली!" जवळ येत तुम्ही विचारलंत, "फडकं?" आणि तुम्ही पुरते पोचायच्या आत मी म्हणाले, "ओलं आहे." तुम्ही हात लावून पाहिलं नाहीत. तुम्हाला पाहायची गरज वाटली नाही, हे मला आजही सर्वांत जास्त लागतं. पाड्याच्या खाली ओढा आहे, तिथे मी म्हणाले, घोडीला मी पाजते, तुम्ही बसा. तुम्ही दगडावर टेकलात, जोड्यातला खडा काढायला लागलात. मी घोडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन फडकं सोडलं, ओढ्यात बुडवलं आणि थेंब गळत असलेलं तसंच मडक्याला बांधलं. वर चढताना तुमचा हात सहज त्याला लागला. तुम्ही म्हणालात, "शाबास."

पाड्यावर त्या दिवशी पोरं होती. पंधरा-वीस तरी, आयांच्या लुगड्यांमागे. म्हातारी खाटेवर बसली होती, जणू न्यायाला. तिने तुम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "डाक्तर, तू पोरले टोचस का देवीले?"

"पोराला, आजी. देवीला विचारूनच आलोय."

"काय बोलनी मंग ती?"

"म्हणाली, माझे पाय दुखतात. घरोघर जायचा कंटाळा आला. तूच जाऊन पोरांच्या दंडावर माझी खूण उठव, म्हणजे मला यायला नको."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारी हसली नाही. "आनि खून नई उठनी त?"

"आठव्या दिवशी बघायला येतो. नाही उठली तर पुन्हा नश्तर घेऊन या पाड्यावर पाय ठेवणार नाही."

तुम्ही शब्द दिलात आणि मी तिथे उभी होते. दोनच पावलं अंतर होतं, अण्णा. मी तुमच्या कोटाला धरून मागे ओढलं असतं तर तुम्ही मागे वळून पाहिलं असतंत. पाणी मी घोडीला पाजलं, एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही रागावला नसतात. म्हातारीला सांगितलं असतंत की लस वाटेत बिघडली, ताजी आणतो; आणि तिने वाट पाहिली असती, कारण तिनेच बोलावलं होतं. मी काय केलं? मी पोलक्याची बाही वर केली आणि माझे चार वण दाखवले. तुम्ही मला त्यासाठीच आणलं होतं. शेळ्यांमागे जाणारी एक पोर पुढे आली, आठ-नऊ वर्षांची. आधी तिने विचारलं, "हाई घोडी चावस का?" मी म्हटलं, नाही. मग तिने माझ्या वणांवरून बोट फिरवलं. "दुखस का?" मी म्हटलं, मुंगी चावते तेवढं. पाड्यावरचा पहिला दंड तिचा पुढे आला. मी तिचा दुसरा हात धरून बसले. तिने डोळे घट्ट मिटले होते आणि ती माझं बोट दाबत होती.

परतताना तुम्ही गुणगुणत होतात. तुम्हाला एवढं आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. ऊन उतरलं होतं, पठारावर वारा सुटला होता, मी तुमच्या पाठीला गाल टेकवून बसले होते आणि तुमचं गुणगुणणं मला कोटातून ऐकू येत होतं. काटेसावर गेली की सांगू, असं ठरवलं. ती गेली. उतार लागला की सांगू. मग नदी आली. नदीत घोडी पीत होती तेव्हा तुम्ही मान वळवून म्हणालात, "आठव्या दिवशी येऊ तेव्हा तू पुढे बस. लगाम तुझ्या हाती." त्यानंतर सांगणं शक्यच नव्हतं. दिवेलागणीला आपण घरी पोचलो तेव्हा आई दारात उभी होती आणि तुम्ही तिला म्हणालात, "हिच्यामुळे झालं आज."

आठव्या दिवशी संध्याकाळी तुम्ही एकटेच आलात. घोडीला पाणी दाखवलंत, मग स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसलात. मी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडले होते. एकाही दंडावर काही नव्हतं. ओरखडे भरून आले होते, इतकंच. म्हातारी तुम्हाला टाकून बोलली नाही म्हणालात. तिने फक्त एवढंच म्हटलं, "देवी तुनासंगे खोटं बोलनी, भाऊ." आईने विचारलं, असं कसं झालं? तुम्ही म्हणालात, "चूक माझी. उन्हाचं जायलाच नको होतं. लस तापली असणार." थोड्या वेळाने तुम्ही आत आलात आणि माझ्या उशाशी पानात बांधलेली टेंभुर्णी ठेवलीत. शेळ्यांच्या पोरीने दिली होती. तुन्ही पोर का नई उनी, अशी ती माझी चौकशी करत होती, मी का आले नाही म्हणून. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. ती फळं तशीच सुकली.

पुढच्या माघात त्या पाड्यावर देवी आल्या. तुम्ही शब्द मोडून गेलात. आता त्यांनी तुम्हाला अडवलं नाही. ज्यांना अजून झालं नव्हतं त्यांचे दंड पुढे केले. चार दिवसांनी तुम्ही आलात, अंगणातच कपडे बदललेत, आणि हात धुताना म्हणालात, "ती शेळ्यांची पोर वाचली. एक डोळा गेला." मी तव्यावर भाकरी टाकत होते. मी दुसरं काही विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. त्या पावसाळ्यात तुमची बदली नाशिकला झाली, कचेरीतल्या टेबलावर. घोडी मालेगावच्या नालबंदाने नेली. तो तिला घेऊन निघाला तेव्हा तुम्ही त्याला मागे हाक मारून सांगितलंत, "चाचा, पहले उसको पानी, बाद में आप." तो म्हणाला, "साब, ये भी कोई बताने की बात है?"

मी पुष्कळदा विचार केला आहे की तुम्हाला कळलं होतं का. वर्षानुवर्षं फडक्यावर डोळा ठेवलेल्या माणसाला कोमट मडकं हातात आल्यावर कळू नये? कधी वाटतं, कळलं होतं आणि तुम्ही मला वाचवलंत. कधी वाटतं, तुमच्या मनात ती शंकासुद्धा आली नाही, आणि तुम्ही नाशिकच्या त्या टेबलापाशी बसून जन्मभर स्वतःलाच दोष देत राहिलात. यातलं दुसरं खरं असेल तर मी तुमचं फार मोठं नुकसान केलं. तुम्ही आजारी होतात ते शेवटचे तीन महिने मी रोज तुमच्या उशाशी बसत होते. औषध दिलं, पेज भरवली, वर्तमानपत्र वाचून दाखवलं. सांगायला वेळ होता. पाणी घोडीला पाजलं याचं मला तेव्हाही वाईट वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. तुम्हीच तसं शिकवलं होतं. ओढ्यात फडकं बुडवलं, त्याचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ती पोर जिवंत असेल तर आता पन्नाशीची असेल. मुंगी चावते तेवढं दुखतं, असं तिला मी सांगितलं होतं.

इतकं लिहून मी मघाशी उठले होते. नात रडत होती. तिला खांद्यावर घेतलं तर तिचा श्वास कानाला गरम लागला आणि मला घोडी आठवली. माफी मागायची म्हणून लिहायला बसले होते, पण लिहिता लिहिता कळलं की मला दुसरंच काही हवं आहे. मला ती आठव्या दिवसाची सकाळ परत हवी आहे. तुम्ही घोडीवर खोगीर चढवलं आहे. गोधडी या वेळी मागे बांधलेली नाही, पुढे आहे. तुम्ही दारातून हाक मारता, एकदा, मग थोडं थांबून पुन्हा. आई म्हणते, राहू द्या, तिचं पोट दुखतंय. तुम्ही आत येऊन माझ्या कपाळावर हात ठेवता, म्हणता, "बरं, पुढच्या खेपेला." मग टापा अंगणातून, गल्लीतून, नदीच्या वाळूत, आणि मी कान देऊन पडलेली आहे तोवर पाण्यातून पलीकडे. त्यानंतर मी कधीच घोड्यावर बसले नाही. लगाम हातात कसा लागतो, मला अजून माहीत नाही.

हा कागद घडी करून कुठे ठेवायचा ते ठरलेलं नाही. टपालाचा तर प्रश्नच नाही. एवढ्या मोठ्या गोष्टी सांगून झाल्या, त्या तुम्हाला कळल्या असतील किंवा नसतील. एक लहानशी मात्र नक्की कळली नव्हती, कारण तुम्ही संध्याकाळी घरात पाऊल टाकताच आईकडे आधी तीच चौकशी केली होती. त्या सकाळी माझं पोट दुखत नव्हतं, अण्णा.